आवाज नसलेली गाडी आणि मावशीचं मनगट

गेल्या पावसाळ्यात बेळगावात अनगोळला राहणाऱ्या माझ्या मावशीचं उजवं मनगट मोडलं. ती गाडी चालवत नव्हती. तिला गाडी येतच नाही. मुलगा ट्यूशनहून आला, अंगणात इलेक्ट्रिक स्कूटर उभी केली आणि दप्तर ठेवायला आत पळाला. चावी तशीच, गाडी चालूच. तेवढ्यात सर आली. सीट भिजायला नको म्हणून मावशी हँडल धरून गाडी पत्र्याखाली घ्यायला गेली. उजव्या मुठीत रेस. मूठ जराशी फिरली, गाडी पुढं सरकली. सरकली म्हणून मावशीनं घट्ट धरली, घट्ट धरली तशी मूठ आणखी फिरली. चार पावलांत गाडी तुळशीकट्ट्याला आणि मावशी फरशीवर, हात अंगाखाली घेऊन.

शेजारचे काका धावत आले ते हसतच. “वैनी, ती काय गाडी हाय होय, खेळणंच की ओ!” संध्याकाळी एक्स-रेमध्ये हाड दोन ठिकाणी मोडलेलं दिसलं, तेव्हा काकाच रिक्षा आणायला गेले.

टिळकवाडीत संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळेला उभं राहून बघा. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत बघा, हिंडलगा-कंग्राळीकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायका बघा. ही गाडी आता घरोघर झाली आहे. पेट्रोल वाचतं, चालवायला सोपी, पोरगी एकटी क्लासला जाऊ शकते. मी तिच्या विरोधात नाही, माझ्याही घरी एक आहे. पण तिच्याशी वागायचं कसं हे आपल्याला कुणी नीट सांगितलेलं नाही. सोबत आलेलं पुस्तक डिकीत प्लास्टिकच्या पिशवीतच राहतं.

मूठ आवळली की गाडी पळते

मावशीच्या बाबतीत काय झालं ते आधी समजून घेऊ, कारण अंगणात, पार्किंगमध्ये, दुकानासमोर होणाऱ्या बऱ्याच अपघातांचं मूळ तेच आहे.

पेट्रोलची स्कूटर चालू असली की कानाला कळतं, हाताला थरथर लागते. शिवाय तिच्यात असा क्लच असतो की इंजिनाचे फेरे वाढेपर्यंत चाकाला जोर मिळत नाही. जराशी रेस दिली तर आधी आवाज वाढतो, मग गाडी हलते. हे मधलं अर्धं सेकंद आपल्याला सावध करून जातं. इलेक्ट्रिक मोटरला हे मधलं काही नसतं. उलट मोटरचा सगळ्यात जास्त जोर गाडी थांबलेली असतानाच मिळतो. आवाज नाही, थरथर नाही, आणि मूठ फिरली की झटका.

आता आपल्या शरीराचा स्वभाव बघा. हातातली वस्तू ओढली जायला लागली की आपण ती आणखी घट्ट धरतो. दावं ओढणारी म्हैस असो की नळावरून निसटणारा पाण्याचा पाईप, हात आवळणारच. स्कूटरच्या बाबतीत आवळणं म्हणजेच रेस देणं. शरीर मागं राहतं, हात पुढं ओढला जातो आणि मूठ आपोआप खाली वळते. ‘सोडून दे’ हे डोक्यात येईपर्यंत गाडी भिंतीला पोचलेली असते.

उपाय अगदी साधे आहेत. उतरण्याआधी चावी बंद. आधी उतरून मग बंद, असं नाही. गाडी ढकलायची असेल तर डावा हात डाव्या मुठीवर आणि उजवा हात सीटमागच्या दांडीवर. रेसची मूठ धरायचीच नाही. बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये ब्रेकचा दांडा दाबला की मोटरचा पुरवठा तुटतो, म्हणून चालू गाडी हलवावीच लागली तर दोन बोटं ब्रेकवर हवीत. चांगल्या गाड्यांत पार्किंग मोड असतो, साईड स्टँड खाली असेपर्यंत मोटर चालू होत नाही. स्वस्तातल्या गाड्यांत हे असेलच असं नाही. गाडी घेताना रेंज किती, चार्ज व्हायला किती तास, हे आपण दहादा विचारतो. स्टँड लावल्यावर रेस दिली तर काय होतं, हे शोरूममध्येच करून बघावं.

आणि हो, अंगणात खेळणारं तीन वर्षांचं पोर चालू गाडीजवळ गेलं तर त्याच्या डोळ्यांसमोर पहिली येते ती हीच मूठ. खेळण्यासारखी फिरणारी.

बिननंबरी गाडीचा घोळ

आपल्या रस्त्यांवर दोन जातींच्या इलेक्ट्रिक स्कूटर फिरतात. एकीला हिरवी नंबर प्लेट असते, बेळगावात केए-२२, चिकोडी-निपाणीकडे केए-२३. ही कायद्यानं पूर्ण मोटार वाहन. लायसन, रजिस्ट्रेशन, विमा, हेल्मेट, सगळं पेट्रोलच्या गाडीसारखंच.

दुसरीला नंबरच नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत बॅटरीवरच्या गाडीची व्याख्या आहे. मोटर पाव किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा, कमी ताकदीची आणि जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, अशी मान्यता असलेली दुचाकी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. २५० वॅट म्हणजे आपल्या घरातल्या मिक्सरच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून तिला लायसन नको, नंबर नको, विम्याची सक्ती नाही.

इथंच आपली समजूत घसरते. ‘लायसन नको’ याचा अर्थ आपण ‘धोका नको’ असा लावला. सूट कागदांपुरती आहे. डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

थोडा हिशोब करू, शाळेतलाच आहे. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून डोकं नुसतं खाली पडलं तरी जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास होतो. गाडी थांबलेली असली तरीसुद्धा. म्हणजे सिग्नलला उभ्या गाडीवरून तोल जाऊन पडणारा माणूसही डोक्याच्या दृष्टीनं ‘वीसच्या स्पीडनं’ आपटतो. त्यात गाडीचा वेग मिळवा. ताशी २५ नं समोरच्या भिंतीला किंवा उभ्या ट्रॉलीला धडकणं हे सुमारे ८ फुटांवरून खाली पडण्यासारखं. ताशी ५० नं धडकणं हे ३२ फुटांवरून पडण्यासारखं, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो, कारण माराची ताकद वेगाच्या वर्गानं वाढते. २५ ची गाडी ५० च्या गाडीपेक्षा बरीच बरी, हे खरंच. पण ८ फुटांवरून डोक्यावर पडून बघायला कोण तयार आहे?

थांबण्याचंही असंच. कुत्रं आडवं आलेलं दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात २५ ची गाडी ७ मीटर गेलेली असते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ती एकूण १२ मीटरमध्ये थांबेल. ५० ची गाडी ३३ मीटर घेईल. ओल्या रस्त्यावर हे आकडे वाढतात, आणि खडे बझारात, गणपत गल्लीत समोर १२ मीटर मोकळे कधी मिळतात ते मला तरी आठवत नाही.

मार कुठं लागतो

पडताना माणूस हात पुढं करतो. म्हणून मनगट आणि गळ्याजवळचं आडवं हाड, ज्याला सगळे कॉलर बोन म्हणतात, ही दोन हाडं पहिली मोडतात. त्यानंतर गुडघा, घोटा, आणि कोपरापासून करंगळीपर्यंत सोलून निघालेली कातडी. परदेशात उभं राहून चालवायच्या छोट्या इलेक्ट्रिक स्कूटर भाड्यानं मिळतात. अमेरिकेत ऑस्टिन शहरात २०१८ मध्ये अशा १९० जखमींची नोंद तपासली गेली. जवळजवळ निम्म्यांच्या डोक्याला मार होता, हेल्मेट घातलेला सबंध यादीत एकच निघाला, आणि तिघांतला एक जण पहिल्यांदाच ती गाडी चालवत होता. गाडी वेगळी आणि गाव वेगळं असलं तरी ‘पहिल्यांदाच’ हा शब्द आपल्याला ओळखीचा आहे. “एक राउंड मारून बघू दे की” म्हणत चावी घेणारे पाहुणे प्रत्येक घरात असतात.

डोक्याच्या माराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथं घरचे लोक फसतात. मेंदू घट्ट विरजलेल्या दह्यासारखा असतो. मडकं जोरात आपटलं तर मडकं थांबतं, आतलं दही मात्र हललेलंच असतं. कवटीला भेग नसली तरी आतली रक्तवाहिनी फाटू शकते. कधी कधी माणूस पडल्यावर उठून बसतो, बोलतो, चहा पितो, “काय झालं नाही ओ” म्हणतो. आत रक्त हळूहळू साठत असतं. तास-दोन तासांनी, कधी त्याहून उशिरा, उलट्या सुरू होतात, झोप अनावर होते, बोलणं असंबद्ध होतं, डोळ्यातली एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसते, फिट येते. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळत असेल तर तेही वाईट लक्षण. अशा वेळी ‘झोपू दे, सकाळी बघू’ म्हणणं जिवावर बेततं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्या वडीलधाऱ्यांना तर डोक्याला साधा मार लागला तरी त्याच दिवशी दाखवावं.

हेल्मेट हे सगळं कसं टाळतं? बाहेरचं कवच चमकतं म्हणून आपण त्यालाच हेल्मेट समजतो. खरं काम आतला पांढरा थर्मोकोलसारखा थर करतो. डोकं आपटलं की तो थर दबतो, चेपतो, आणि डोकं एकदम थांबण्याऐवजी क्षणभर जास्त वेळ घेऊन थांबतं. विहिरीत पडलेला नारळ आणि फरशीवर पडलेला नारळ, एवढा फरक त्या क्षणात असतो. मोटारसायकलस्वारांवर झालेल्या जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या माराचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. त्या थराचं काम एकदाच. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी टाकून द्यायचं. आणि पट्टा लावला नसेल तर पहिल्या धक्क्यातच हेल्मेट एकीकडं आणि डोकं दुसरीकडं. हनुवटीखाली दोन बोटं जातील इतका घट्ट पट्टा हवा.

आयएसआय शिक्क्याच्या वर आयएस ४१५१ हा आकडा असतो तो बघून घ्या. जून २०२१ पासून हा शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट देशात विकायलाच बंदी आहे. तरी रस्त्याकडेला ढीग लागतात आणि आपण पोलिसांपुरतं म्हणून ती टोपी घेतो. आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसल्यामुळे गेलेली ५०,०२९. यांत मागं बसलेली १४,३३७. मागच्या सीटवरच्या बायकोला, आईला हेल्मेट नको असं मानणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा.

आपले रस्ते

बेळगावच्या पावसाला आपण कौतुकानं मिरवतो, पण दोन चाकांवर तो जिवाशी खेळतो. पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास सगळ्यात वाईट, कारण रस्त्यावर साठलेलं तेल आणि धूळ यांचा लगदा झालेला असतो. खानापूर रोडकडच्या शेतांतून ट्रॅक्टर वर आला की त्याच्या चाकांबरोबर लाल माती डांबरावर येते आणि तिचा पातळ चिखल साबणासारखा होतो. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारीवरचं लोखंडी झाकण आणि रेल्वे गेटातले रूळ ओले झाले की टायरला धरायला काही उरत नाही. रूळ तिरके ओलांडायचे नाहीत, शक्य तितके सरळ काटकोनात घ्यायचे, आणि त्यांच्यावर असताना ब्रेक मारायचा नाही. आधीच हळू व्हायचं.

ब्रेकबद्दल आपल्याकडं एक जुनी भीती आहे, “पुढचा दाबलास तर उडशील.” म्हणून पुष्कळ जण आयुष्यभर मागच्याच ब्रेकवर गाडी चालवतात. प्रत्यक्षात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. दोन्ही ब्रेक एकत्र, सरळ गाडीत, कचकन न दाबता दाबत नेणं हीच पद्धत. इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक गंमत आहे. काही गाड्या रेस सोडली की आपोआप मंदावतात, त्या वेळी मोटर उलटी वागून बॅटरीत वीज परत भरते. सवय झाली की ब्रेकला हात न लावताच गाडी आवरते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असताना वीज जायला जागा नसते, म्हणून हे मंदावणं कमी होतं. रात्रभर चार्ज केलेली गाडी सकाळी उतारावर ‘आज का थांबेना’ असं वाटायला लावते ते यामुळे.

सुगीच्या दिवसांत गावाकडच्या रस्त्यावर मळणीसाठी कणसं, हुलगा, सोयाबीन पसरलेलं असतं. वाहनं जाऊन धान्य सुटावं म्हणून. स्कूटरच्या बारक्या चाकाला तो पसारा म्हणजे गोट्यांचा थर. त्याच्या कडेला रात्री दगड लावलेले असतात ते दिसतही नाहीत. मग ऊस सुरू होतो. चिकोडी, हुक्केरी, निपाणीकडं साखर कारखाने पेटले की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि बिघडला की तिथंच उभा. ट्रॉलीच्या मागं लाल कागद लावायचं काम ट्रॅक्टरवाल्याचं आहे. आपण मात्र त्यानं लावलेलाच नाही असं धरून चालवावं. बिननंबरी गाडीचा दिवा मिणमिणता, तेव्हा अंधार पडल्यावर ती हमरस्त्यावर न्यायचीच नाही. हायवेवर तर दिवसाही नको. ताशी ८० नं येणाऱ्या ट्रकपुढं २५ ची गाडी म्हणजे जवळजवळ उभीच वस्तू.

‘निधानवागि चलिसि’, हळू चला. कन्नड न शिकलेल्या आपल्यालाही ही पाटी पाठ आहे. पाळतो किती, ते वेगळं.

गवळ्याची म्हैस, पेन्शन आणायला निघालेले आजोबा, गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं, ही सगळी कानानं रस्ता ओलांडतात. मागून पेट्रोलची गाडी आली की ती बाजूला होतात. आपल्या गाडीला आवाज नाही, म्हणून बाजूला होण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकून चालणार नाही. लांबूनच एक छोटा हॉर्न द्यायचा. कानाशी येऊन मोठा दिला तर माणूस दचकून नेमका समोर उडी मारतो.

साडी आणि ओढणीचं वेगळं सांगायला हवं. मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकलेला हवा आणि मागं बसणाऱ्याला धरायला आधार हवा, असं नियमातच आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा. बिननंबरी गाड्यांत मागचं चाक पुष्कळदा उघडंच असतं. ओढणी गळ्याभोवती फिरवून टोकं मागं सोडली आणि एक टोक चाकात गेलं, तर गाडी ओढत नाही, गळा ओढते. ओढणी पुढं बांधून, नाहीतर जॅकेटच्या आत.

चावी कुणाच्या हातात

आता सगळ्यात अवघड भाग. नववीतल्या पोराला गाडी द्यायची का?

हिरव्या नंबरची गाडी असेल तर उत्तर स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या १९९-अ कलमात अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. मुलानं न विचारता नेली हे सिद्ध करायची जबाबदारीही पालकावरच.

बिननंबरी गाडीला हे कलम लागत नाही, आणि म्हणून घरातल्या मोठ्यांवरच सगळं येतं. सरकारनं परीक्षा घेतली नाही, तर ती घरात घ्यायला हवी. मी माझ्या भाच्याची रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात घेतली. ओळीनं ठेवलेल्या विटांमधून आठचा आकडा, मी हात वर केला की दोन्ही ब्रेक मारून थांबणं, मागं न बघता आरशात बघून वळणं. तो चार वेळा विटेला लागला. त्याला वाटत होतं त्याला गाडी येते.

दुसरा गैरसमज, बिननंबरी गाडीनं कुणाला धडक दिली तर काही होत नाही. भारतीय न्याय संहितेचं २८१ वं कलम बेदरकार चालवण्याबद्दल आहे आणि त्यात ‘वाहन’ असा शब्द आहे, ‘मोटार वाहन’ असा नाही. सायकललासुद्धा लागू. दुखापत झाली तर १२५ वं कलम, जीव गेला तर १०६ वं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा. आणि विमा नसल्यानं जखमीची भरपाई खिशातून. हिरव्या नंबरच्या गाडीला तिसऱ्या माणसाचा विमा सक्तीचा असतो, मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण घेता येतं. ते मिळायला चालवणाऱ्याकडं लायसन हवं, ही अट बारीक अक्षरात असते.

यातून आणखी एक धंदा निघाला आहे. ‘लिमिट काढून देतो’ म्हणणारा मेकॅनिक. एक वायर काढली की २५ ची गाडी ४० नं पळते. तिचे ब्रेक, टायर, सांगाडा मात्र २५ चाच राहतो. कायद्याच्या नजरेत ती त्या क्षणी विनानंबर, विनाविमा, विनालायसन मोटार वाहन बनते. अपघात झाला तर पहिला प्रश्न त्या वायरीबद्दलच येणार.

लहान मुलाला पुढं, पाय ठेवायच्या जागेत उभं करणं आपल्याकडं इतकं नेहमीचं आहे की त्यावर बोललं की लोकांना राग येतो. ब्रेक मारला की त्याचं तोंड थेट मीटरवर किंवा हँडलवर आदळतं, आणि त्याचा हात रेसपर्यंत पोचतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ४० च्या वर नको, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. त्याच जागेत गॅस सिलिंडर किंवा तांदळाचं पोतं ठेवलं की पाय बाहेर लोंबकळतात आणि हँडल अर्धंच वळतं. तेही तितकंच वाईट.

चार्जिंगचं थोडक्यात. जुन्या घरांत सोप्यात, नेमकी दाराशी गाडी लावून रात्रभर चार्जिंग चालतं. घराला बाहेर पडायची वाट ती एकच. बॅटरीतला एखादा सेल बिघडून तापला तर तो शेजारच्या सेलला तापवतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि विषारी धूर मिनिटांत घर भरतो. २०२२ मधल्या आगींनंतर सरकारनं बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. त्याआधीची जुनी गाडी सेकंडहँड घेताना हे लक्षात ठेवा. कंपनीचाच चार्जर, अर्थिंग असलेला भिंतीतला पॉईंट, एक्स्टेंशन बोर्ड नाही. उन्हातून आल्यावर तासभर थंड होऊ द्या. पडलेल्या, पाण्यात बुडालेल्या गाडीची बॅटरी तपासून घेतल्याशिवाय चार्ज करू नका. फुगलेली, वास येणारी, फुसफुसणारी बॅटरी दिसली तर उचलायला जाऊ नका. माणसं बाहेर काढा, मेन स्विच बंद करा, ११२ ला फोन.

पडल्यावर

आधी रस्त्यातून बाजूला, मग गाडीकडं. पडलेला माणूस मान दुखते म्हणत असेल किंवा बेशुद्ध असेल तर त्याला खांद्याला धरून ओढून बसवू नका. पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ फडकं दाबून धरा आणि १०८ लावा. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीती जुनी झाली, मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेलं १३४-अ कलम त्याला संरक्षण देतं, नाव सांगायचीही सक्ती नाही. मे २०२५ पासून मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. दवाखान्याच्या काउंटरवर हे विचारायला लाजू नका.

खरचटलेल्या जागी आपल्याकडं हळद नाहीतर कॉफीची पूड दाबायची रीत आहे. त्यानं आतली खडी आतच राहते. वाहत्या पाण्यानं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. हाड मोडल्याची शंका असेल तर गावठी पट्टी बांधणाऱ्याकडं जाण्याआधी एक्स-रे. पट्टी आवळून बसली आणि बोटं निळी पडली, गार झाली तर ती लगेच सोडवायला हवी.

मावशीनं नेमकं हेच उलट केलं होतं. आधी पट्टीवाला, मग दुपारभर बर्फ, मग संध्याकाळी एक्स-रे. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. मनगट अजून पुरतं वळत नाही. भाकरी थापताना उजवा हात मागं पडतो, म्हणून तिची भाकरी एका बाजूला जाड राहते आणि तव्यावर फुगत नाही. गाडीची चावी आता देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असते, हेल्मेटही तिथंच. मुलगा घरी आला की मावशी आतूनच ओरडते, “चावी लावलास काय खिळ्याला?” आणि खिळ्यावर चावी वाजलेली ऐकू येईपर्यंत त्याला चहा मिळत नाही.